न जळणारं कापड

आईच्या छातीतून दुसऱ्यांदा काढलेलं पाणी पहिल्यापेक्षा लालसर होतं. थोरली मुलगी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. नुसत्या रंगावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे ती मुलांना नेहमी सांगे. तरी ती बाटली खाटेखाली ठेवली जाईपर्यंत तिची नजर त्या पाण्यावरून हलली नाही.

पहिल्या पाण्यात क्षयाचे जंतू सापडले नव्हते, कर्करोगाच्या पेशीही नव्हत्या. एकूण चित्र क्षयाच्या जवळ जाणारं होतं, म्हणून गोळ्या सुरू झाल्या. वडिलांना त्या गोळ्यांचा मोठा आधार वाटे. क्षय बरा होतो. शेजारच्या म्हाताऱ्याला झाला होता, तो आजही जिने चढतो, असं ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. बायकोला टीबीच निघावा म्हणून जीव टाकणारा नवरा आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं आई म्हणाली आणि हसता हसता तिला ढास लागली.

पण पाणी पुन्हा भरलं. छातीच्या डॉक्टरबाईंनी नवा स्कॅन उजेडावर लावला. उजव्या फुफ्फुसाभोवतीचं अस्तर जाड आणि गाठाळ झालं होतं. डाव्या बाजूला चुन्याच्या शिंतोड्यांसारखे चट्टे होते. त्या चट्ट्यांवर बोट ठेवून बाईंनी विचारलं, या काय काम करायच्या?

"काही नाही. घरीच असते," वडील म्हणाले.

आणि तुम्ही? वडिलांनी सांगितलं, बॉयलरच्या कारखान्यात वाफेच्या नळांना आवरण चढवायचो. शेवटचे शब्द जेमतेम ऐकू आले. मग पाणी घेऊन येतो म्हणत ते बाहेर गेले. टेबलावरचा जग भरलेला होता.

"घरीच म्हणे," आई म्हणाली. "अर्ध्या गल्लीचे कपडे शिवलेत मी."

बाईंनी विचारलं, कसलं कापड? आईनं हौसेनं सांगायला सुरुवात केली. झंपर, परकर, पडदे. शिवाय हे कारखान्यातून पांढऱ्या जाड कापडाचे उरलेले तुकडे आणायचे. विस्तवावर धरलं तरी जळायचं नाही. त्याची ती गरम भांडी उतरवायची फडकी शिवे. इस्त्रीच्या टेबलावरही तेच कापड होतं. दोन्ही मुलींना सासरी जाताना लाल काठ लावलेली एकेक जोडी दिली होती. कापताना मात्र भारी भुसा उडायचा. खिडकीतून ऊन आलं की खोलीभर तरंगताना दिसायचा. संध्याकाळी सगळं झटकून झाडून काढायची.

बाईंनी पेन खाली ठेवलं. खात्रीसाठी अस्तराचा तुकडा काढून तपासावा लागेल, असं त्या म्हणाल्या. पण त्या ॲस्बेस्टॉसच्या कापडाचे तंतू श्वासातून आत गेले की आयुष्यभर तिथेच राहतात, आणि त्यातून होणारा आजार पुष्कळदा असा पाण्यानेच सुरू होतो. बरा होतो, असं त्या म्हणाल्या नाहीत.

आईनं पांघरुणाची कड बोटांनी सारखी केली.

"यांना टीबीच सांगा," ती म्हणाली. "कापड ह्यांनी आणलं होतं."

त्यांनी विचारलं तर खोटं बोलता येणार नाही, असं बाईंनी सांगितलं. आईनं थोरलीकडे पाहिलं. थोरली "बरं" म्हणाली.

माहेरच्या घरी येताना तिने धाकट्या बहिणीला फोन करून ती फडकी वापरू नकोस म्हणून बजावलं. कारण नंतर सांगते म्हणाली. वडील तिच्या आधीच दवाखान्यातून निघाले होते. दार उघडंच होतं. इस्त्रीचं टेबल उघडं पडलं होतं. न्हाणीघरात वडील स्टुलावर बसले होते आणि पुढ्यातल्या बादलीत ते सगळं कापड बुडवलेलं होतं, स्वयंपाकघरातल्या फडक्यांसकट.

निवृत्तीच्या आधी आम्हाला कारखान्यात शिकवलं होतं, वडील सांगू लागले. तोंडाला फडकं बांधायचं, हात लावायच्या आधी ओलं करायचं, म्हणजे उडत नाही. तिथे ते रोज पाळलं. घरातलं कापड डोक्यातच आलं नाही.

"तुझ्याकडची जोडी अशीच भिजवून पिशवीत बांध. झटकू नकोस," ते म्हणाले. मग म्हणाले, "आईला यातलं काही बोलू नकोस. हौसेनं शिवलं होतं तिनं."

"बरं," थोरली म्हणाली.

एक फडकं फुगून वर येत होतं. वडिलांनी ते तळहाताने पाण्याखाली दाबलं आणि हात तसाच धरून ठेवला.