अमाबिलेची नावेतली फेरी

अमाबिले खाडीपलीकडच्या मेस्त्रे शहरात, लिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आली, त्याला दहा-अकरा वर्षं झाली होती. व्हेनिसमधलं तिचं भाड्याचं घर मालकाने पर्यटकांना द्यायचं म्हणून रिकामं करून घेतलं होतं. सुरुवातीला ती बसने पूल ओलांडून जुन्या शेजारणींना भेटायला जायची. मग हृदयाने दगा दिला, पायऱ्या चढणं बंद झालं. आणि व्हेनिसमध्ये पुलापुलाला पायऱ्या; त्या बंद म्हणजे सगळंच बंद.

ऑक्टोबरात डॉक्टरांनी तिच्या मुलीला, लोरेदानाला, बाजूला घेतलं. "वसंतापर्यंतचं काही सांगता येत नाही," ते म्हणाले. लोरेदानाने त्याच संध्याकाळी धाकट्या भावाला बोलावून घेतलं.

"आईला एकदा नावेतून फिरवून आणू या," ती म्हणाली.

"सजवलेल्या गोंदोल्यातून?" तुल्यो हसला. "नवी नवरी वाटेल!"

"थट्टा नको. तुझ्या त्या मित्राची भाजी वाहायची नाव माग ना."

"माझ्याबद्दल बोलताय तर मला ऐकू येईल असं बोला," आतून अमाबिलेचा आवाज आला. मग शाल गुंडाळून तीच बाहेर येऊन बसली आणि वाट सांगू लागली. "मोठ्या कालव्यातून न्यायचं नाही. तिथे जो तो फोटो काढत असतो. मागच्या खाडीकडून शिरा, आणि सरळ आपल्या कालव्यात. आपल्या जुन्या घराच्या खिडकीखाली जरा थांबायचं. बाकी मला काही बघायचं नाही."

ठरलं. पण मुहूर्त लागेना. पाणी चढलं की नाव पुलाखालून जात नाही, फार उतरलं की तळाला घासते. लोरेदाना रोज उठून भरती-ओहोटी बघायची. एका रविवारी दाट धुकं पडलं. पुढच्या रविवारी पाणी चढल्याचा भोंगा वाजला. त्यानंतर अमाबिलेलाच धाप लागली. शेवटी नोव्हेंबर सरता सरता एक रविवार मिळाला. आभाळ राखाडी होतं, पण वारा नव्हता.

तुल्योने स्वयंपाकघरातली खुर्ची नावेत दोराने बांधली होती. दोघांनी आईला उचलून तिच्यात बसवलं, पायांवर घोंगडी टाकली. "बटाट्याच्या पोत्यासारखी चालले मी," ती म्हणाली. पण खाडीचा वास नाकात शिरला तशी ती ताठ बसली. ओळखीचा एकेक बोटीचा धक्का आला की मान हलवत होती.

वळण घेऊन ते कालव्याच्या तोंडाशी आले, आणि तुल्योने इंजिन बंद केलं.

समोर लोखंडी पत्र्यांचा बांध घातलेला होता.

"गाळ काढतायत," तो पुटपुटला.

"तू विचारणार होतास!" लोरेदानाचा आवाज चढला. "कालवा चालू आहे का, एवढंच तर तुला विचारायचं होतं!"

"आणि तू? रोज सकाळी काय बघत होतीस?"

"पुरे," अमाबिले म्हणाली. "दोघांनी मिळून पाणी किती ते बघितलंत, पाणी आहे का ते कुणीच बघितलं नाही. तुमचा बाप असता तर पोट धरून हसला असता." ती स्वतः मात्र हसली नाही. "उभी करा मला."

दोघांनी तिला काखेत धरून उभं केलं. बांधापलीकडे कालवा पार रिकामा होता. तळाला काळा चिखल, त्यात एक मोडकी खुर्ची, बाटल्या, दोर. भिंतींच्या खालच्या विटा झिजून आत गेल्या होत्या. घर पुढच्या वळणाआड होतं, दिसत नव्हतं.

"पन्नास वर्षं यावर राहिलो होय आपण," ती हळूच म्हणाली.

"आई, मी उचलून नेतो तुला. एकच तर पूल आहे."

"लोरेदानाच्या वेळी तुझ्या बापाने मला त्याच पुलावरून उचलून नेलं होतं. तेव्हा पुढे काहीतरी होतं. आता काय आहे? परक्यांचे पडदे. चल, फिरव नाव."

लोरेदानाने घोटलेला कॉड मासा लावलेले पावाचे तुकडे आणले होते. कुणी हात लावला नाही. तेवढ्यात खाडीवर वारा सुटला, म्हणून परतताना मोठ्या कालव्यातूनच यावं लागलं. एका पुलावरून माणसं हात हलवू लागली, फोन पुढे झाले. अमाबिलेने घोंगडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि डोळे मिटले.

"वसंतात पुन्हा जाऊ, तोवर पाणी सोडतील," तुल्यो घरी आल्यावर म्हणाला.

"हो, जाऊ," ती म्हणाली. त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, हे लोरेदानाला कळलं.

त्यानंतर अमाबिले जुन्या घराबद्दल बोलेनाशी झाली. जेवताना "आपल्या घरी असं करायचे" हे तिचं पालुपद होतं, तेही थांबलं. जे ताटात येईल ते थोडंसं खायची आणि खिडकीबाहेर वाहनतळाकडे बघत बसायची. फेब्रुवारीत एका दुपारी बसल्या बसल्याच ती गेली.

मार्चमध्ये तुल्योचा फोन आला. "कालव्यात पाणी सोडलंय म्हणे. आपण दोघं जाऊन यायचं का?"



"तू जा," लोरेदाना म्हणाली. "मला त्याचा तळ दिसत राहील."