कवेलूंवरचे भाऊजी

बाबूलालच्या छपरावर गुडघे टेकून महागू मागच्याच आठवड्यात फेरलेले कवेलू, म्हणजे छपराची कौलं, पुन्हा फेरत होता. खाली खाटेवर बाबूलाल बिडी ओढत होता.

"धंदा बढिया हाय तुमचा," तो म्हणाला. "बहीण फोडवते, भाऊ छप्पर छावते."

महागूने एक फुटका कवेलू खाली टाकला, तोही खाटेपासून फार लांब नाही.

बालाघाटात कवेलू फेरावे तर महागूनेच. तो छपरावर असला तरी खाली भात शिजवणाऱ्या बाईच्या हांडीत मातीचा कण पडत नसे. पण यंदा त्याचं काम आठवडाभर टिकेना. सगळं त्या एका वानरापायी. आणि वानराला तर त्याच्या घरात भाऊजी म्हणत.

झालं होतं असं. गेल्या वर्षी त्याच्या थोरल्या बहिणीचा, गोदाबाईचा नवरा वारला. दहाव्याला वैनगंगेच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळे झाडावर बसून नुसते बघत राहिले. सगळ्यांनी हात जोडून पाहिले. बाईला मी सांभाळीन, असं महागूनेही कबूल करून पाहिलं. कावळा हलेना. उन्हाने लोकांचे पाय भाजू लागले. तेवढ्यात एक काळतोंडं वानर आलं आणि पिंड उचलून निवांत खात बसलं.

"घ्या, भाऊजीच आले," महागू म्हणाला. त्याला फक्त घरी जायचं होतं. गोदाबाईने ते शब्द जन्माचे धरून ठेवले.

ती भावाकडे राहायला आली. महागूची बायको केव्हाच गेलेली, त्यालाही बरं वाटलं. मग एक दिवस अंगणातल्या चिंचेवर वानर दिसलं. हे तेच कशावरून, असं विचारण्यात अर्थ नव्हता. गोदाबाईने डोळे ओळखले होते. रोज सकाळी चिंचेखालच्या दगडावर एक भाकर जाऊ लागली. वानर चिंचेचा पाला विसरलं, जाडजूड झालं, आणि छपरावर उतरलं की दोन कवेलूंऐवजी पाच फुटू लागले. ते खुशाल लोकांच्या चुलीपर्यंत जाऊन हात पुढे करी.

महागूने समजावलं, आवाज चढवला, दोन दिवस जेवण सोडलं. त्या दोन दिवसांच्या त्याच्या भाकरीही वानरानेच खाल्ल्या.

मग बाबूलालच्या नातवाच्या पाळण्याशेजारी, हातभर अंतरावर, एक कवेलू येऊन फुटला. त्या संध्याकाळी महागू बहिणीसमोर बसला.

"बाई, आता पुरे कर."

"भुकेल्याले नाही म्हनू का मी?"

"भुकेलं नोतं ते. पाला खाऊन मजेत होतं. तू केलं त्याले भुकेलं."

गोदाबाई तव्यावरची भाकर उलटत राहिली.

शेवटी खैरलांजीला तिच्या नणंदेकडे लग्न निघालं, तेव्हा महागूने स्वतः तिला बसमध्ये बसवून दिलं. देणारी नाही, भाकर नाही, सवय आपोआप मोडेल, असा त्याचा हिशेब.

वानर मात्र रोज आलं. दगडाशेजारी जमिनीवरच बसून राही. महागूने काठी उगारली, तर काठीकडे हात पसरून पाहू लागलं. काठीला भ्यायचं असतं हेच ते विसरलं होतं. महागूच चिडून घरात गेला.

एके दिवशी तो कामावरून परतला तेव्हा गल्लीतली कुत्री अंगणातून बाहेर पडत होती. चिंच दोन उड्यांवर होती. वानर दगडापासून उठलंच नव्हतं.

महागूने चिंचेखाली खड्डा खणला. बाबूलाल आला, वानराला गुंडाळायला एक कोरं लाल फडकं त्याच्या हातात दिलं आणि माती लोटू लागला.

गोदाबाई परतली. दगड पाहिला, मग माती पाहिली.

"कुत्र्याईनं धरलं," महागू म्हणाला. "पळालं नाही ते."

रात्रभर घरात भांडंही वाजलं नाही.

सकाळी महागू स्वतःच्या छपरावर चढला. खाली गोदाबाईने सवयीने एक भाकर जास्त केली होती आणि ती हातात धरून उंबऱ्यावर बसली होती. चिंचेवरून एक कावळा उतरला. दगडावर बसला, मान वाकडी करून भाकरीकडे पाहू लागला, टुणटुणत अगदी तिच्या पायाशी आला.

हातातला कवेलू महागूने तसाच धरून ठेवला. आवाज होऊ नये म्हणून.

गोदाबाई बराच वेळ कावळ्याकडे पाहत राहिली. मग तिने हात उगारला.

"जाय रे बाबा," ती म्हणाली. "आपलं आपलं धुंडून खाय."

कावळा उडाला. ती कोरडी भाकर तिने तिथेच बसून, एकेक घास तोडत, स्वतः खाल्ली.