डोपा नावाचं म्हावरं

भर वाऱ्यात होडी हाकणारा माझा नवरा विठोबा परळच्या अठराव्या मजल्यावर बाल्कनीला घाबरला. आमच्या लेकाने, प्रितेशने, हे घर घेतल्यापासून म्हातारा आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायचा. बाल्कनीचं दार उघडलं तरी पलंगाची कड धरायचा.

"शिमगा आला का मी कोळीवाड्यान चाललो," तो म्हणाला. "कायमचा. तू ये नायतर राहा."

कोळीवाड्यात आता आम्हाला दिराचा माळा तेवढा उरलाय. त्याची शिडी माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि ह्याला माझ्याशिवाय पाण्याचा तांब्या सापडत नाही. मला इथेच राहायचं होतं.

नात भाविका जवळच्याच प्रयोगशाळेत उंदरांचा अभ्यास करते. जेवताना तिने दोन चमचे एकमेकांवर आडवे ठेवून मला समजावलं. अशी उंचावरची फळी. दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. भ्यायलेला उंदीर भिंतीच्या आडोशाला बसतो. धीट असेल तो उघड्यावर जाऊन खाली डोकावतो.

"म्हणजे आपला आजा," मी म्हणाले.

"मी आयकतंय हां!" आतून आवाज आला.

"आणि गो, धीट-भित्रं ठरतं कशावर?"

"बऱ्याच गोष्टी असतात आजी. आम्ही त्यातलं डोपामीन बघतो."

'मीन' कानावर पडलं आणि पुढचं मी ऐकलंच नाही. मीन म्हणजे मासा, एवढं राशीभविष्यावरून मला कळतं. जन्म म्हावऱ्यात गेला आणि हे म्हावरं मला ठाऊक नाही, असं नातीला कसं सांगणार?

रविवारी सकाळी दादरच्या मासळी बाजारात शेवंतीला गाठलं.

"डोपा हाय का गो?"

शेवंतीला ठाऊक नाही असा मासा दर्यात नाही, निदान तिच्या तोंडून तरी नाही.

"आज नाय आला," ती बेधडक म्हणाली. "उद्या येल."

"लागतो कसा?"

"काटा जास्त. पन ताकदीला चांगला."

आणि तिने मला टोपलीभर बोंबील बांधून दिले.

घरी ऐकून भाविका हसून हसून जमिनीवरच बसली. "आजी, ते रसायन आहे! मेंदूतच तयार होतं."

"मग आजाच्या मेंदूत वाढव थोडं."

"एवढं सोपं नाही. मेंदूच्या एका भागात वाढलं तर उंदीर धीट होतो, दुसरीकडे वाढलं तर उलट आणखी भित्रा."

"म्हंजे तुमालाच अजून पुरतं म्हाईत नाय."

"तेच तर शोधतोय!"

बोंबील एवढे कोण खाणार? बाल्कनीत दोरी बांधून, जबड्यात जबडा अडकवून वाळत घातले.

"दोरी ढिली हाय," खोलीतून विठोबा ओरडला. "खाली कोनाच्या गाडीवर पडतील."

"मग ये नि तान."

तो पलंगावरून हलला नाही.

दुपारी मी भाकऱ्या थापत होते, तेवढ्यात बोंब उठली. "नेला! बोंबील नेला गो!"

धावले तर म्हातारा बाल्कनीत! हातातली उशी गरागरा फिरवत, कठड्यावरून वाकून एका घारीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. घार समोरच्या टॉवरच्या टाकीवर बसून आमचा बोंबील खात होती.

मग त्याने खाली पाहिलं. उशी गळली. कठड्याचे गज दोन्ही हातांनी धरून तो मटकन खाली बसला.

भाविका पुढे झाली. मी तिला थांबवलं आणि त्याच्याशेजारी जाऊन बसले.

"सोडलं तर परेन मी," तो पुटपुटला.

"मग नको सोडू. खाली बघू नको, समोर बघ."

समोर दोन टॉवरच्या फटीतून खाडीची पट्टी दिसत होती, आणि तीत एक होडी. विठोबा तिच्याकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने त्याच्या कपाळाला आठी पडली.

"येरा हाय काय तो, डोकं फिरलंय? ओहोटीला तिकरं कुठं घालतोय? गालात रुतेल!"

आणि गजावरचा एक हात सोडून त्याने मला होडी दाखवली. सोडलाय हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

होडी खरंच गाळात रुतली तेव्हा तो खूश झाला. उठला, दोरी कचकन ताणून बांधली.

"शिमग्याला जाऊ नि होली बघून परत येऊ," तो म्हणाला. "नायतर ती घार समदं खाऊन टाकेल."

भाविका माझ्या कानाशी लागली. "आजी, एका उंदरावरून काही सिद्ध होत नाही हां."

"उंदीर कोनाला बोलते गो?" म्हातारा गरजला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तो डोपा आला का?"

"उद्या येल," मी म्हटलं. "शेवंती बोललीय."