अस्तर नसलेला पडदा

दुसऱ्यांच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात काय चालतं ते विचारूच नये. सूनबाई दुकानात लोकांच्या खुर्च्या-कपाटं ठणठणीत करून द्यायच्या आणि त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी! दुकान जुन्या सामानाचं. तिथून सजलेल्या वस्तू हौशी मंडळींच्या दिवाणखान्यात जायच्या.

त्या दुकानात एक जुना जपानी पडदा येऊन पडला होता. बांबूचा, घडीचा, चार पात्यांचा. लाकडी चौकटीत बारीक काड्या सुतानं ओवलेल्या, आणि रंग असा पिकलेला की हात फिरवत बसावं. मागचं रेशमी अस्तर मात्र पार चिंध्या झालेलं, त्यामुळे गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे जायचं. शेवटी मालकीणबाई वैतागल्या आणि म्हणाल्या, घेऊन जा बाई तुझ्या घरी, उगाच जागा अडवतोय. सूनबाईंनी अस्तर ओरबाडून काढलं, काड्यांमधली काजळी झाडली आणि पडदा घरी आणला. नवं अस्तर काय, लावू सावकाश.

घाई होती ती सासऱ्यांसाठी. सासूबाई गेल्यावर मुलानं वडिलांना इकडे आणलं, पण घर दोन खोल्यांचं, म्हणून त्यांचा पलंग हॉलच्या कोपऱ्यात लागला. उभा जन्म शाळेत कवायत शिकवलेला माणूस. ताठ कणा, मोजकं बोलणं, आणि बायकोचं नाव तर ती गेल्यापासून एकदाही तोंडातून नाही. हॉलमध्ये ते पाहुण्यासारखे पलंगाच्या कडेला बसून राहायचे. ते सूनबाईंना बघवायचं नाही.

पडदा उभा राहिला तेव्हा मास्तरांनी त्याची रीतसर तपासणी केली. भर दुपारी मुलाला पलीकडे उभं केलं, हात वर करायला लावले आणि स्वतः सोफ्यावरून निरखून पाहिलं. काही म्हणजे काही दिसलं नाही. पडदा पास झाला.

आता बांबूची गंमत अशी, की उजेड तुमच्या बाजूला असेल तर तो भिंत होतो आणि उजेड पलीकडे गेला की जाळी होतो. त्या संध्याकाळी हॉलमधला दिवा मालवून नवरा-बायको टीव्ही बघत बसले होते, तेवढ्यात मास्तरांनी आपल्या कोपऱ्यातला दिवा लावला. झालं! अख्खे मास्तर दिसायला लागले. सूनबाईंना अस्तर आठवलं आणि त्यांनी जीभ चावली. उठून सांगणार, तोच नवऱ्यानं त्यांचा हात धरला.

मास्तरांनी दोन्ही हात उचलले होते. एक बाजूला, एक पुढे, कुणाच्या तरी कमरेवर ठेवावा तसा. आणि ते नाचायला लागले. अलगद, जागच्या जागी, मान किंचित झुकवून. समोर रिकामी हवा, पण ती मास्तरांच्या खांद्याला लागेल एवढीच उंच होती. मुलानं ती उंची लगेच ओळखली. आई-बाबा स्वयंपाकघराचं दार लावून आत काय करायचे, हे त्याला इतक्या वर्षांनी कळलं. तो तोंडावर उशी दाबून रडला.

मग कसलं सांगणं नि कसलं अस्तर! संध्याकाळ झाली की टीव्हीचा आवाज बारीक व्हायचा आणि दोघं चिडीचूप बसायची. इकडे मास्तरांची कळी खुलली. जेवताना ते आमटी दुसऱ्यांदा मागू लागले, सुनेची चेष्टाही करू लागले. तुझं टेबल लंगडतंय, कवायतीला पाठव त्याला, म्हणाले. अस्तराचं कापड कपाटात घडी घालून पडून होतं, आणि ते तिथेच राहावं असं सूनबाईंना मनापासून वाटत होतं.

माती खाल्ली ती नणंदबाईंनी, तीही प्रेमापोटी. भेटायला म्हणून आल्या, पलीकडचा नाच पाहिला आणि त्यांना वाटलं, हे खास आपल्यासाठीच. त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

दिवा फटकन बंद झाला. त्यानंतर तो लागलाच नाही. मास्तर पुन्हा कडेला बसू लागले, आमटी एकदाच. सूनबाईंनी माफी मागितली, मुलानं मागितली. मास्तर एवढंच म्हणाले, की रविवारी लेकीकडे जातो, तिथे खोलीला दार आहे.

रविवारी नणंदबाई न्यायला आल्या, त्याही ओशाळलेल्याच. संध्याकाळ उतरत होती. मास्तर बूट घालून सोफ्यावर बसले, पायाशी बॅग. तेव्हा सूनबाईंनी हॉलच्या खिडक्यांचे पडदे ओढले, बांबूमागे गेल्या आणि दिवा लावला.

आणि त्या नाचायला लागल्या. नाच म्हणजे काय, देवा! शाळेच्या नाचातही ज्या बाईला कधी कुणी मागच्या ओळीतसुद्धा उभं केलं नसेल, तिचा नाच तो. हात एकीकडे, पाय तिसरीकडे. वाऱ्यात वाळत घातलेली चादर बरी. काड्यांआडून आपलं सगळं हसं दिसतंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कान तापले, तरी थांबायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. हा माणूस गेला तर घर पुन्हा घरासारखं वाटणार नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

"डावा," पलीकडून आवाज आला. "डावा पाय आधी."

सूनबाईंनी डावा टाकला. चुकलाच.

"अगं, डावा म्हणतोय मी!"

मग बुटांचा आवाज जवळ आला. मास्तर पडद्याला वळसा घालून आत आले, कोट काढून पलंगावर टाकला आणि सुनेचा हात आपल्या खांद्यावर नीट ठेवून दिला. हॉलमधून दोघंही दिसत असतील-नसतील, त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. सूनबाई चुकू नये म्हणून खाली बघत होत्या.

"मान वर," मास्तर म्हणाले. "पायांकडे बघायचं नाही. तीही वेडी जन्मभर पायांकडेच बघत राहिली."

बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला, पण पाय थांबले नाहीत. सूनबाईंनी मान वर केली.