आठव्या दिवशी मिळालेली जीप

मित्रांनो, चौसाळ्याला दूध सोसायटीच्या इमारतीमागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे चार दगडांवर टेकून उभी असलेली जुनी जीप म्हणजे मी. माझा मूळ रंग हिरवा होता. आता तो फक्त बोनेट उघडल्यावर आतल्या बाजूला दिसतो. चाकं केव्हाच गेली. मोडक्या गाडीला सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगण्याइतकी मी अजून शाबूत आहे.

माझा जन्म मुंबईजवळच्या एका कारखान्यात झाला. पत्रा दाबून, वाकवून, जोडून मला आकार दिला. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा माझं सगळं अंग थरथरलं होतं. त्या काळी गाडी हवी म्हणून कोणी दुकानात जाऊन लगेच घेऊन येत नसे. आधी नाव नोंदवायचं आणि मग वाट बघायची. चौसाळ्याच्या सोसायटीनं चार वर्षांपूर्वी नाव नोंदवलं होतं. माझा एक बोल्टही तयार नव्हता, तेव्हापासून माझी वाट बघणारी माणसं या जगात होती. हे आठवलं की मला अजूनही भरून येतं.

औरंगाबादच्या शोरूममध्ये मी पोचले ते त्र्याहत्तरच्या मार्चात. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. काचेतून मला रस्ता दिसायचा आणि रस्त्यावरून डोक्यावर गाठोडी घेतलेली, कामाच्या शोधात निघालेली माणसं दिसायची. शोरूममधून चौसाळ्याला पत्र गेलं होतं. 'आपला नंबर आला आहे. पत्राच्या तारखेपासून आठव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत गाडी ताब्यात घ्यावी. अन्यथा नंबर रद्द समजावा.'

सात दिवस कोणी आलं नाही.

मोहनराव नावाचे एक गृहस्थ मात्र रोज यायचे. बीड भागातल्या दुष्काळी गावांना पाण्याचे टँकर पुरवण्याचा ठेका त्यांच्याकडे होता. त्यांचं नाव यादीत फार खाली होतं, पण वाट बघण्याची त्यांना सवय नव्हती. ते माझ्या टायरला बुटानं ठोकून बघायचे, स्टिअरिंग धरून बसायचे. आठव्या दिवशी दुपारी ते बोनेटवर हात ठेवून मॅनेजरला म्हणाले, "आज पाचला ही माझी. हार आणून ठिवलाय."

घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर होतं. चार वाजले. सव्वाचार झाले. साडेचार झाले. आपल्याला कोण नेणार हे गाडीच्या हातात नसतं, पण त्या दिवशी मला त्या माणसाबरोबर जायचं नव्हतं.

पाचला वीस मिनिटं उरली असताना दार ढकलून तीन माणसं आत आली. तिघंही धुळीनं माखलेली. त्यांना पत्रच आदल्या दिवशी मिळालं होतं. पहाटेच्या एसटीनं निघाले, तर शहागडच्या पुलाजवळ एसटी बंद पडली. तिथून पुढे ते कापसाच्या ट्रकवर बसून आले होते. पुढे होते सोसायटीचे चेअरमन सुंदरराव, पांढरा फेटा, मवाळ चेहरा. त्यांच्यामागे कय्युम, बीडचा मेकॅनिक. गाडी तपासायला आणि चालवत न्यायला त्याला बरोबर घेतलं होतं. आणि सगळ्यांत शेवटी केसरबाई. सोसायटीच्या संचालक मंडळातली ती एकटी बाई. वय पन्नाशीचं, पायात टायरच्या चपला, पदराखाली काखेत धरलेली कागदांची पिशवी.

काउंटरवर आसाराम नावाचे वयस्क कारकून बसत. त्यांनी कागद बघितले, वहीत नोंद केली, सुंदररावांची सही घेतली. तेवढ्यात मॅनेजर आला.

"किल्ल्या स्टोअरकीपरकडे असतात आणि तो घरी गेला," तो म्हणाला. "उद्या या."

"उद्या आमचा नंबर ऱ्हातो का?" केसरबाईंनी विचारलं.

मॅनेजरनं मोहनरावांकडे बघितलं. तेवढं बघणं केसरबाईंना पुरलं. त्यांनी पदर खोचला, माझं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर येऊन बसल्या.

"आता मी काय उतरत न्हाई," त्या म्हणाल्या. "पाच वाजू द्या न्हाईतर सात."

मित्रांनो, त्यांच्या हट्टाला कारण होतं. चौसाळ्याच्या आसपासच्या नऊ गावांचं दूध बैलगाड्यांनी बीडच्या केंद्रावर जायचं. वैरण नसल्यानं दूध आधीच घटलेलं, त्यात त्या उन्हात अर्धं दूध वाटेतच नासायचं. आणि एक तारखेपासून सकाळी नऊनंतर आलेलं दूध घेणार नाही, असं केंद्रानं कळवलं होतं. बैलगाडी काही केल्या नऊच्या आत पोचत नव्हती. दूध बंद झालं की सोसायटी बंद आणि मग दावणीची उरलीसुरली जनावरं बाजारात. केसरबाईंच्या दोन म्हशींपैकी एक अशीच गेली होती.

मोहनरावांनी सुंदररावांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या बोनेटपाशीच, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"चेअरमन, गाडीचं काय एवढं? पुढच्या साली मिळंल. तुमच्या गावाला एक टँकर येतो ना? उद्यापासून अजून दोन पाठवतो. गाव तुमचं नाव काढंल. ह्या कागदावर सही करा, नंबर सोडला म्हणून."

कागद टाइप करून तयार होता. सुंदररावांनी तो वाचला. मी त्यांचा चेहरा जवळून बघत होते. तो लोभी माणसाचा चेहरा नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर गावातल्या घागरींची रांग असणार. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं आणि कागद माझ्याच बोनेटवर टेकवला. घड्याळात पाचला नऊ मिनिटं कमी होती.

"सुंदरराव, काय लिहायलाव?" आतून केसरबाईंचा आवाज आला.

पेन थांबलं.

"दोन टँकर देतेत म्हणं," सुंदरराव पुटपुटले. "पाणी हाय, केसरबाई. पाणी."

केसरबाईंनी काचेतून मोहनरावांकडे बघितलं. आवाज चढवला नाही. "मोहनराव, उद्यापासून दोन टँकर देता म्हणजे टँकर हायेत तुमच्यापाशी. मंग आमच्या बाया दोन महिने आडात उतरून वाटीवाटीनं पाणी भरायल्यात, तवा कावून न्हाई दिले?"

शोरूममध्ये दुसरी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. तीही वळून बघायला लागली.

"ते वरून ठरतं, बाई," मोहनराव म्हणाले.

"मंग उद्याचं कोण ठरवणार हाय?"

मोहनरावांनी घड्याळाकडे बघितलं. सुंदररावांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद तसाच मोहनरावांना परत दिला.

तेव्हा काउंटरमागून आसाराम उभे राहिले. चष्मा पुसत म्हणाले, "साहेब, ग्राहक चार चाळीसला हजर झाल्याची नोंद वहीत झालीय. सही घेतलीय. आता नंबर रद्द केला तर वहीत ते खोडावं लागेल आणि मी खोडणार नाही." मग ते म्हणाले, "किल्ल्यांची दुसरी जोडी माझ्या कपाटात आहे."

आसारामना त्या नोकरीत पुढं काय भोगावं लागलं, ते मला कधी कळलं नाही. त्यांनी किल्ली कय्युमच्या हातात दिली आणि खुर्चीत बसून घाम पुसला, एवढंच मी बघितलं.

कय्युमनं तेल बघितलं, पंख्याचा पट्टा दाबून बघितला, इंजिन सुरू करून कान लावला. "आवाज एकदम साफ आहे, मावशी," तो म्हणाला. "चला."

रात्रीपुरते आम्ही बीडला कय्युमच्या घरी थांबलो आणि सकाळी चौसाळ्यात पोचलो. वेशीतच लोक जमले होते. हलगी वाजली. लोकांनी सुंदररावांच्या गळ्यात हार घातला, दुसरा माझ्या बोनेटवर ठेवला. "चेअरमननी गाडी आणली!" असा एकच गलका झाला. सुंदरराव केसरबाईंकडे बघत होते. आता ही काय बोलते, याची भीती त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसली. केसरबाई पिशवी सावरून म्हशीला पेंड घालायला घरी गेल्या.

सोसायटीनं कय्युमलाच ड्रायव्हर म्हणून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मी साडेआठला दूध घेऊन बीडच्या केंद्रावर हजर होते. दुधानं भरलेला एक कॅनसुद्धा परत आला नाही. त्या दिवसाइतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

पण तिसऱ्या दिवशी गावात टँकर आला नाही. चौथ्या दिवशीही नाही. टँकर का थांबला हे सगळ्यांना कळत होतं. पाचव्या दिवशी सोसायटीसमोर बैठक बसली. मी तिथेच उभी होते.

"गाडी आणली न् पाणी घालवलं!" बायनाबाई नावाची शेजारीण केसरबाईंच्या अंगावर धावून गेली. "मोठ्या मान्साशी वाकडं घ्यायला कुणी सांगितलतं तुला? माझी लेकरं दूध पिऊन जगणार हायेत का?"

तिच्या मागून आणखी दहा-बारा आवाज उठले. सुंदरराव खाली मान घालून बसले होते. 'मी सही करायला निघालो होतो, हिनं अडवलं' असं त्यांनी म्हटलं असतं, तर सगळा राग केसरबाईंवर आणखी पेटला असता. 'अडवलं ते बरोबर केलं' असं म्हटलं असतं, तर थोडा तरी निवला असता. ते काहीच म्हणाले नाहीत. आणि केसरबाईंनीही त्यांचं नाव घेतलं नाही.

त्या एवढंच म्हणाल्या, "दुधाचे कॅन बीडवरून मोकळेच येत्यात. पालीला धरणाखाली शहादेवच्या इहिरीला पाणी हाय. मी त्याला इचारते."

शहादेवनं नाही म्हटलं नाही. मग रोज दूध उतरवून, कॅन कढत पाण्यानं धुऊन मी पालीला थांबायची. विहिरीवर कॅन भरायचे आणि घाट चढून चौसाळ्याला यायचं. एवढं ओझं माझ्यासाठी नव्हतंच. सातव्या की आठव्या दिवशी, दुपारी बाराच्या उन्हात, मांजरसुंब्याच्या घाटात माझं इंजिन उकळलं. बोनेटमधून वाफ निघाली आणि मी चढावर उभी राहिले. कय्युमनं चाकांना दगड लावले.

"मावशी, रेडिएटर कोरडा पडलाय. पाणी घातल्याबिगर हलणार नाही. कॅनमधलंच घालावं लागंल."

त्या दिवशी बरोबर बायनाबाई आली होती, आपल्या वाट्याचं पाणी स्वतः मोजून घ्यायला. ती कॅन कवटाळून बसली. "गाडीला पाणी पाजायलाव? घरी लेकरू तापानं फणफणलंय माझं!"

मित्रांनो, मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी आणायला गेलेली मी, आणि माझीच तहान आड आली. केसरबाई खाली उतरल्या. बायनाबाईच्या हातातल्या कॅनला त्यांनी हात लावला नाही. स्वतःच्या घरच्या वाट्याचा कॅन ओढला आणि कय्युमपुढे ठेवला.

"माझ्यातलं घाल," त्या म्हणाल्या. "ही पोचली तर सगळ्यांचं पोचंल."

इंजिन निवेपर्यंत अर्धा तास सगळे दगडांवर बसून होते. मग कय्युमनं हळूहळू पाणी ओतलं. केसरबाईंचा कॅन निम्मा रिकामा झाला. मी सुरू झाले, सगळा जोर लावून घाट चढले. गावात उतरल्यावर बायनाबाईनं आपल्या कॅनमधून दोन तांबे काढून केसरबाईंच्या कॅनमध्ये ओतले आणि मान वर न करता निघून गेली.

दोन आठवड्यांनी नऊ गावांच्या बाया तहसील कचेरीवर गेल्या, तेव्हा कुठे टँकर पुन्हा सुरू झाला. सोसायटी वाचली. पुढे एकोणीस वर्षं कय्युमनं मला चालवलं. दर शुक्रवारी नमाजाला जायच्या आधी तो मला पुसून काढायचा. मी दूध नेलं, जनावरांचे डॉक्टर आणले, अडलेल्या बाया दवाखान्यात पोचवल्या. मग सोसायटीनं ट्रक घेतला, कय्युम थकला, आणि मी निवडणुकीच्या प्रचाराला भोंगे बांधून फिरू लागले. चालवणारे रोज वेगळे. तेल कोणी बघितलं नाही. एक दिवस इंजिन जाम झालं आणि मला ढकलत या शेडमध्ये आणून सोडलं.

गेल्या माघात केसरबाई गेल्या. शोकसभा सोसायटीच्या अंगणात, माझ्यासमोरच झाली. नवे चेअरमन बोलले, 'केसरबाईंनी सुंदररावांना मोलाची साथ दिली. दुष्काळात सुंदररावांनी जीप आणली म्हणून ही संस्था उभी आहे.' लोकांनी माना डोलावल्या.

सुंदरराव आता नव्वदीला टेकलेले. नातवाच्या आधारानं ते उभे राहिले.

"खोटं हाय," ते म्हणाले. "मी गाडी सोडून द्यायला निघालतो. पेन हातात घेतलतं. ह्या गाडीच्या बोनेटवर कागद ठिवलता. तिनं अडवलं. गावानं मला हार घातला, तिला शिव्या दिल्या, अन् मी गप बसलो. तिनं मरंस्तवर कुणाला सांगितलं न्हाई." त्यांना धाप लागली. सेक्रेटरी सभेचं इतिवृत्त लिहीत होता. त्याचं पेन थांबलेलं बघून ते म्हणाले, "थांबलास कावून? लिव. शब्दाला शब्द लिव."

मित्रांनो, गाडीला तेलपाणी वेळेवर लागतं, हे मी माझ्या अनुभवानं सांगते. ते मिळालं असतं तर मी आजही रस्त्यावर असते. माणसांनाही चांगला शब्द वेळेवर लागतो. ज्यांनी गुपचूप तुमचा भार ओढला असेल, त्यांच्याकडे आजच जा आणि सांगा. सुंदररावांचा शब्द वहीत उतरला, चांगलं झालं. पण तो ऐकायला केसरबाई नव्हत्या. होते ती मी, आणि मला तर साधा हॉर्नसुद्धा देता येत नव्हता.