खान नव्हे, खाण

मित्रांनो, तुमच्यातल्या कित्येकांनी मला कधी हातातही घेतलं नसेल. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या पोटात ना गाणी, ना नाच. विदर्भातल्या एका कोळशाच्या खाणीत संप झाला आणि तिथे मारामारी पेटली, त्याचा माहितीपट आहे. संपदा नावाच्या मुलीने तो जिवावर उदार होऊन टिपला आणि नाव ठेवलं ‘खाण’.

तिच्या मावशीने मला शारजाला, अल मजाजमधल्या घरी आणलं. पाहुण्यांनी वाहवा केली. पुढे घर बदलताना मी अन्वरच्या व्हिडिओच्या दुकानात जाऊन पडले. अन्वर केरळचा, त्याला मराठी कुठून येणार? माझ्यावरची इंग्रजी अक्षरं वाचून त्याने मला खुशाल खान मंडळींच्या सिनेमांत बसवलं. ‘ण’चा ‘न’ झाला आणि माझं नशीब फिरलं.

खोर फक्कानच्या डोंगरातून खडीचा ट्रक घेऊन येणारा दत्ताराम एकदा दुकानात शिरला.

“नया खान है क्या?”

“एकदम मस्त, हबीबी! ले जाओ,” अन्वरने न बघताच मला त्याच्या हातात दिलं.

शुक्रवारची सुट्टी. कामगारांच्या कॅम्पमधली अख्खी खोली टीव्हीपुढे जमली. सगळ्यांत पुढे चंद्रपूरकडचा किसन. पडद्यावर मोर्चा दिसताच कुणीतरी शिट्टी मारली. आता हिरो येणार! आले ते ठेकेदाराचे गुंड, लाठ्या घेऊन.

“थो पाय! दादा! माहा सोमनाथदादा!” किसन ओरडला.

सोमनाथ हात वर करून आपल्याच माणसांना मागे सारत होता. त्याच्या डोक्यात लाठी बसली. पडल्यावरही ते त्याला मारतच राहिले. आणि किसनच्या घरच्यांना खाणवाल्यांनी सांगितलं होतं, खाणीचं छत कोसळून सोमनाथ गेला!

“आवशीक सांगूक व्हया रे,” दत्ताराम हळूच म्हणाला.

“काय सांगू मायला? देवाच्या मनात होतं, म्हणते. त्यावरच जगून राहिली ते.”

अन्वरने मला परत मागितलं नाही. तेव्हापासून किसन दर शुक्रवारी मला लावतो. दादाचा हात वर गेला की बटण दाबून मला तिथेच थांबवतो. लाठी बसत नाही, दादा उभाच राहतो. किसन बघत बसतो.

पण मित्रांनो, थांबवलेली फीत मशीनमध्ये एकाच जागी घासत राहते. सोमनाथच्या चेहऱ्यावर आता नुसत्या पांढऱ्या रेघा उरल्यात. किसनला वाटतं, टीव्ही बिघडलाय. तो टीव्हीला थापट्या मारतो.

म्हणून विनवते, कॅसेट अशी अडवून ठेवू नका. किसन भेटला तर त्याला सांगा, मला एकदा आईजवळ बसून शेवटपर्यंत चालव. पुढची फीत अजून शाबूत आहे. तिच्यात मारणाऱ्यांचे चेहरे स्पष्ट ओळखू येतात.