दारापुढचा बाक

मी एक जुना बाक आहे. बसायचा बाक. पण सध्या माझ्यावर कोणी बसत नाही, कारण माझ्यापुढे एक जाड दोरी बांधली आहे आणि दोरीला 'कृपया बसू नये' अशी पाटी लटकवली आहे. बाकावर बसायचे नाही, तर मग त्याचे करायचे तरी काय? मित्रांनो, माझे बोलणे मनावर घेऊ नका. ऐकणारे कोणी मिळाले की जुने लाकूड जरा जास्तच कुरकुरते.

माझा जन्म एका दारातून झाला. आमच्या पेठेत चपला-बुटांचे एक दुकान होते. त्याला पूर्वी जाड फळ्यांचे दार होते. लोखंडी शटर आले तेव्हा ते निकामी झाले. दुकानाच्या मालकांना सगळी पेठ 'बूटवाले' म्हणे. ते तेव्हा तरुण होते. सुताराने त्यांना विचारले, "जळणाला देऊन टाकू का हे दार?"

"जळणाला कशाला? गिऱ्हाईक एका पायावर उभं राहून बूट घालतंय. त्याला बसायला काहीतरी कर," बूटवाले म्हणाले.

सुताराने फळ्या रंधल्या, चार पाय ठोकले आणि मी झालो. माझ्या डाव्या अंगाला बिजागरीच्या स्क्रूंची तीन भोके अजून आहेत. माझी उंची मुद्दाम कमी ठेवली होती. बसणाऱ्याचा पाय समोर बसलेल्या बूटवाल्यांच्या गुडघ्यावर अलगद यावा, हा त्यातला हिशेब. एका पायात मात्र सुताराचा अंदाज चुकला आणि मी डुगडुगू लागलो. बूटवाल्यांनी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून त्या पायाखाली सरकवला. पुठ्ठा झिजला की ते आठवणीने नवा घालत. इतकी काळजी घेणारा मालक किती बाकांना मिळतो?

बूटवाले पाय हाताने मोजत. एक वीत आणि वर किती बोटे, ते पाहत. आधी डावा, मग उजवा. "दोन्ही पाय सारखे नसतात हो. मोठ्याचं ऐकायचं आणि धाकट्याला सांभाळून घ्यायचं," असे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, आणि प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसे. त्यांची लेक माझ्यावर उभी राहायला शिकली, माझ्यावरून पडली आणि माझ्यावर बसूनच रडली.

आमच्या पेठेची एक रीत होती. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचे नाही. बूट घ्यायला आलेल्या बाईंनी सहज विचारावे, "इथे कुठे छत्रीला नवी काडी घालून मिळेल का हो?" की बूटवाले म्हणत, "बसा, आणतो." बाई माझ्यावर बसत आणि बूटवाले त्यांची छत्री घेऊन शेजारच्या छत्रीवाल्याकडे जात. त्यांना बटणे हवी असली तर समोरून कापडवाल्या वहिनी बटणांचा डबाच घेऊन येत. बाई जागच्या हलतही नसत आणि अर्धी पेठ त्यांच्यापुढे हजर होई. 'नाही' हा शब्द त्या रस्त्यावर इतका कमी वापरला जाई की लोकांच्या जिभेला तो वळेनासाच झाला असावा. पुढे जे घडले ते त्यामुळेच घडले, असे मला वाटते.

पेठेला उतरती कळा लागली होती, हे मी लपवणार नाही. गावाबाहेर मोठा रस्ता झाला आणि गाड्या तिकडून जाऊ लागल्या. आमच्या रस्त्यावर गाडी उभी करायला जागा नाही, म्हणून तरुण मंडळी येईनाशी झाली. दुपारचे कोणी येईना, तेव्हा छत्रीवाला येऊन माझ्यावर बसे आणि दोघे मित्र जांभया देत. अशातच बातमी आली, की पेठेच्या टोकाला असलेली जुनी गोदामे पाडून तिथे भले मोठे खरेदी केंद्र होणार आहे.

पहिल्यांदा सगळे धास्तावले. मग केंद्राचे एक साहेब नकाशा घेऊन आले. तो नकाशा माझ्यावरच पसरला होता. साहेबांनी बोट ठेवून दाखवले, की एक दार मोठ्या रस्त्याकडे आणि दुसरे दार थेट आमच्या पेठेत. "लोक तिकडून आत येतील, इकडून बाहेर पडतील. तुमच्या दुकानांपुढूनच घरी जातील," ते म्हणाले. साहेब लबाड नव्हते. त्यांना ते खरेच वाटत होते. त्या दिवसापासून बूटवाल्यांच्या चालण्यात जोर आला. त्यांनी मला घासून पुन्हा पॉलिश केले. त्यांची सगळी आशा त्या दुसऱ्या दारावर होती.

गोदामे पडली, नवे बांधकाम उभे राहू लागले, तसे पेठेत धुळीचे लोट येऊ लागले. वहिनींच्या दुकानातले पांढरे कापड मळकट दिसू लागले. बुटांवर बोट फिरवले की रेघ उमटे. साहेब पुन्हा आले आणि त्यांनी अगदी सौजन्याने विचारले, "तुम्हाला फार त्रास होतोय. या बाजूचं दार बंद ठेवू का?"

"ठेवा की," बूटवाले म्हणाले. दुसरे काही म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

साहेबांनी कागद आणला. 'पेठेच्या बाजूचे दार बंद ठेवण्यास आम्हा दुकानदारांची हरकत नाही,' एवढेच त्यावर लिहिले होते. सह्या गोळा करायचे काम बूटवाल्यांनी हौसेने अंगावर घेतले. एकेक दुकानदार येऊन माझ्यावर बसला आणि मांडीवर पाटी घेऊन सही करून गेला. फक्त छत्रीवाल्याने चष्मा वर करून विचारले, "कधीपर्यंत बंद, ते कुठे लिहिलंय?"

"अरे, काम संपेपर्यंतच की! एवढं काय लिहायचं असतं?" बूटवाले हसून म्हणाले.

छत्रीवाल्याने सही केली. मित्रांनो, त्या क्षणी मी डुगडुगायला हवे होते. शाई सांडायला हवी होती, काहीतरी करायला हवे होते. पण पायाखालचा पुठ्ठा नुकताच बदललेला होता. मी अगदी स्थिर उभा राहिलो.

केंद्र सुरू झाले त्या सकाळी आमची पेठ नटून बसली होती. वहिनींनी दुकानापुढे रंगीत कापडे टांगली. बूटवाल्यांनी नवे बूट ओळीने मांडले आणि मला रस्त्याच्या कडेला आणून ठेवले, म्हणजे बाहेर पडणाऱ्याला आधी मीच दिसेन. आम्ही सगळे त्या दाराकडे डोळे लावून बसलो. दारामागून गाणी ऐकू येत होती, मुलांचे ओरडणे ऐकू येत होते. दार काही उघडले नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली. शेवटी बूटवाले लांबचा वळसा घालून मोठ्या रस्त्याने साहेबांकडे गेले. परत आले तेव्हा माझ्यावर बसले. सहसा ते माझ्यावर बसत नसत, ती गिऱ्हाइकाची जागा होती.

"काय म्हणाले?" छत्रीवाल्याने विचारले.

"म्हणाले, तुम्हीच तर लिहून दिलंत. त्यावरून आतली मांडणी बदलली म्हणे. आता अर्ज करा, बघू."

छत्रीवाल्याने एखादी शिवी हासडली असती तर बरे झाले असते. तो फक्त शेजारी येऊन बसला.

त्यानंतरचे दिवस सांगायला मला आवडत नाही. आधी वहिनींचे शटर खाली आले. मग छत्रीवाला मुलाकडे राहायला गेला आणि जाताना मोडक्या छत्र्यांचा गठ्ठा बूटवाल्यांकडे ठेवून गेला, लोक न्यायला येतील म्हणून. बूटवाल्यांनी अर्जावर अर्ज केले. प्रत्येक अर्जावर सह्या कमी होत गेल्या, कारण सही करायला दुकानदारच उरले नव्हते. लेकीला केंद्रातल्याच बुटांच्या दुकानात नोकरी लागली. तिला आनंद झाला आणि तो बापापुढे दाखवायची लाज वाटली, असे दोन्ही तिच्या तोंडावर दिसले. बूटवाले मात्र म्हणाले, "पाय मोजता येतो ना? मग कुठेही काम कर."

आणि एक दिवस साहेब पुन्हा आमच्याकडे आले. केंद्रात 'जुनी पेठ' नावाचा एक कोपरा करायचा होता. त्यासाठी जुन्या वस्तू हव्या होत्या. माझ्यावर हात फिरवत ते म्हणाले, "काका, हा बाक द्याल का?"

"न्या की," बूटवाले म्हणाले.

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या काकू, म्हणजे बूटवाल्यांच्या पत्नी, दारातच थबकल्या. "अहो, एकदा तरी नाही म्हणा!"

"अगं, तिथे हजार माणसं बघतील. विचारतील, कुठला बाक आहे हा? मग येतील की शोधत," बूटवाल्यांनी समजूत घातली. कोणाची, ते मला कळले नाही.

दोन माणसांनी मला उचलले. दार बंद असल्यामुळे मलाही लांबचा वळसा घालूनच आत यावे लागले. पायाखालचा पुठ्ठा दुकानातच राहिला.

मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. इथे छान आहे. उन्हाचा ताप नाही, फरशी लख्ख आहे, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला कुठेही अडत नाही, बायाबापड्यांना स्वच्छतागृह आहे. कित्येक घरांच्या चुली इथल्या पगारावर पेटतात. हे केंद्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण मला कुठे ठेवले, ते ऐका. एका रुंद दारावर आमच्या पेठेचे मोठे चित्र चिकटवले आहे, त्यात सगळी दुकाने उघडी आणि गर्दीच गर्दी. त्या चित्रापुढे मला ठेवले आणि दोरी बांधली. लोक येतात, माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात. मी कुठला, हे अजून एकानेही विचारलेले नाही. आणि ते दार म्हणजे तेच, दुसरे दार. त्याच्या फटीतून संध्याकाळी पेठेतली धूळ आत येते. ती मी ओळखतो.

लेकीने एकदा साहेबांना गाठून विचारले, "हे दार आता उघडता येणार नाही का?"

"येईल की. कुलूप तर आहे नुसतं," साहेब म्हणाले. "पण तिथे तो बाक आहे ना. लोकांना फार आवडतो."

म्हणजे आता दार मीच अडवून उभा आहे. जो दारातून जन्मला, त्यानेच आपल्या पेठेचे दार बंद करून ठेवले. मला पाय चार आहेत, पण चालता एकानेही येत नाही.

गेल्या आठवड्यात बूटवाले आले. हातात अर्ज होता. त्यावर एकच सही होती, त्यांची स्वतःची. साहेब सुट्टीवर होते, म्हणून ते माझ्यापाशी आले. एक दमलेली आजी पिशव्या सावरत जवळच उभी होती. बूटवाल्यांनी सवयीने दोरी बाजूला केली आणि म्हणाले, "बसा."

"काका, तिथे बसायचं नाही," पहारेकरी हळूच म्हणाला. आजी ओशाळून निघून गेली. बूटवाले वाकले, माझा आखूड पाय त्यांनी चाचपून पाहिला, खिशातून घडी केलेला पुठ्ठा काढून त्याखाली सरकवला. मग उभे राहून माझ्यामागच्या दाराकडे बघत राहिले. एकाएकी त्यांनी माझ्या उजव्या टोकाला दोन्ही हात घातले आणि मला उचलू लागले. ते टोक वीतभर उठले. डावे टोक जागचे हलले नाही.

लेकीने समोरच्या दुकानातून पाहिले. हातातला बूट टाकून ती धावत आली आणि तिने माझे डावे टोक धरले. पहारेकरी बघत होता. तिच्या दुकानाचा मालकही काचेतून बघत होता. मित्रांनो, दार माझ्या अगदी मागेच होते.

"नाही," बूटवाले म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "नाही. तू सोड. कामावर आहेस तू. जा, गिऱ्हाईक थांबलंय."

तिने हात सोडले. त्यांनी मला हळूच खाली ठेवले, आवाज होऊ न देता, आणि लांबच्या वाटेने निघून गेले.

मित्रांनो, तुम्ही इथे आलात तर माझा फोटो काढू नका. मला पॉलिश नको, दोरी नको, पाटीही नको. एकाने या टोकाला धरा आणि एकाने त्या टोकाला. मी फार जड नाही. मला हलवायला दोन माणसे पुरतात.